कान चांगले, तरी बोलणं कळेना

थोरला दुसरीत होता. आजीचा फोन आला की मोबाईल माझ्या हातात द्यायचा, "आई, तूच बोल, मला आजीचं कळत नाही." वाटलं, रेंज नसेल. एकदा मिक्सर चालू असताना "ताट घे" म्हटलं, तर पाट घेऊन आला. एरवी शांत घरात हाक मारली की लगेच ओ द्यायचा, म्हणून लक्षच नाही असं आम्ही धरून चाललो. शाळेनंही डायरीत तेच लिहिलं. मी त्याला रागावले, दोनदा हातही उचलला. ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

ऑडिओमेट्री केली. बंद खोलीत हेडफोन लावायचा, बीप ऐकू आला की डब्यात मणी टाकायचा. त्याचा एकही मणी चुकला नाही. "कान उत्तम आहेत, मोबाईल बंद करा," म्हणून घरी पाठवलं. त्यात आमचे पाच महिने गेले.

पुढे दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्ट ताईंनी तोंडावर कागद धरून, मागे गोंगाट लावून त्याच्याकडून शब्द म्हणून घेतले. निम्मे चुकले. मग बेरा तपासणी, म्हणजे आवाज कानातून मेंदूकडे जायला किती वेळ घेतो ते लहरींवरून मोजायचं. तो झोपेत, कपाळावर आणि कानांमागे चिकटवलेल्या वायरी. पहिली लहर वेळेवर आली, पाचवी फार उशिरा. ताई म्हणाल्या, आवाज कानात नीट पोचतोय, पुढे मेंदूकडे जाताना रेंगाळतोय. मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं, ते खराब झालं की असं होतं. नुसता बीप निभतो; बोलणं झरझर बदलतं, ते हातातून सुटतं.

एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसले. रक्तात अतिलांब साखळीची मेदाम्लं वाढलेली निघाली आणि नाव कळलं: अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी, मेंदूतलं मायलिन आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथी खराब करणारा आनुवंशिक आजार. हिरड्या आणि बोटांचे सांधे काळवंडले होते, ते आम्ही उन्हाच्या माथी मारलं होतं. प्रत्यक्षात मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या होत्या, त्यांचं कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी पडत होतं. ते भरून काढायला हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. ताप आला की डोस वाढवायचा, हे फ्रिजवर लिहून ठेवलंय. बोन मॅरो ट्रान्सप्लांट आजार अगदी सुरुवातीला असतानाच उपयोगी पडतं. त्याच्यासाठी ती वेळ गेली होती. ते पाच महिने मला झोपू देत नाहीत.

दोष एबीसीडी१ या जनुकात, एक्स गुणसूत्रावर. माझ्याकडून आलेला. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. जेनेटिक समुपदेशनात डॉक्टर म्हणाल्या, "यात तुमचा अपराध नाही." हे मला त्यांच्याकडून तीन वेळा ऐकावं लागलं.

धाकटा तेव्हा चार वर्षांचा. त्याचंही रक्त तसंच निघालं, पण एमआरआय स्वच्छ. आता दर सहा महिन्यांनी एमआरआय करतो, कॉर्टिसोलही तपासून घेतो. डाग दिसलाच तर धावपळ नको म्हणून ट्रान्सप्लांटच्या दात्यासाठी एचएलए जुळणीची, म्हणजे दात्याच्या पेशी त्याच्याशी जुळतात का याची, चौकशी आत्ताच सुरू केली आहे.

थोरल्याशी बोलताना मी पंखा-मिक्सर बंद करते, समोर बसून गुडघ्यावर हात ठेवते आणि एका वेळी एकच शब्द बोलते. "पाणी?" तो माझ्या ओठांकडे बघतो, थोडा थांबतो, मग मान हलवतो. तेवढं थांबायला धाकटाही शिकलाय.