मोरसला गेलेल्या आजोबांच्या शोधात

आजी साखरेला ‘मोरस’ म्हणायची. मॉरिशसची साखर ती मोरस. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ रत्नागिरीहून मुंबईला गेला आणि तिथून गलबतात बसून ‘मोरसला उसात’ गेला, एवढंच घरात माहीत होतं. यंदा मी जाऊन आले.

पोर्ट लुईत आधी अप्रवासी घाट पाहिला. बेटावर गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, १८३४ पासून येत होते. १८४९ पासून त्यांना या आवारात उतरवून घेत. किनाऱ्यावरून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. मी त्यांच्यापाशी बराच वेळ उभी होते. तो बोटीतून उतरला तेव्हा पंचविशीचाही नव्हता.

शोध खरा लागला मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत. मजुरांच्या मूळ नोंदवह्या तिथे जपल्या आहेत: क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज. आम्ही वर्षानुवर्षं आमचं आडनाव शोधत बसलो, हीच चूक. कारकुनाने माणसाचं नुसतं नाव लिहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी तेच आडनाव म्हणून लावलं. म्हणून तिथे गोविंद, बापू, रामजी ही आडनावं भेटतात. आमच्या तिथल्या भाऊबंदांचं आडनावही त्या आजोबांचं पाळण्यातलं नाव आहे. ते कळलं तेव्हा मला रडू आवरेना.

तुम्ही निघणार असाल तर आडनाव बाजूला ठेवा. नाव आणि बापाचं नाव धरून चला. गावाचं नाव मोठ्याने वाचून पाहा, कारण लिहिणाऱ्याने कानावर पडलं तसं इंग्रजीत उतरवलंय. तिथले नातेवाईक सापडले असतील तर त्यांच्याकडचे जन्माचे नि लग्नाचे दाखले पिढीमागून पिढी लावून घ्या. त्या साखळीवरून क्रमांकापर्यंत पोचता येतं, आणि क्रमांक हाती आला की अर्धं काम झालं. फोटोची आशाही सोडू नका. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेला पास बाळगावा लागे. संस्थेला आधी लिहून वेळ ठरवा, आयत्या वेळी जाऊ नका.

आणि निघण्यापूर्वी गावाकडचं दप्तर बघा. आमचे जुने कागद मोडीत होते, ते वाचून घ्यायलाच दोन महिने गेले. पण त्यात खापरपणजोबांच्या वडिलांचं नाव मिळालं. मोका इथल्या वहीत, आजोबांच्या नावापुढच्या रकान्यात, तेच नाव होतं.