बारा बुट्ट्या

जव मागितले आणि दुकानदारानं जवस बांधून दिलं. खडेबाजारात सकाळपासून पावसाची रिपरिप, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात द्रोणांची चळत. पुडी उघडून बघायला तिसरा हात नव्हता. तम्माच्या घरी पोचले तेव्हा त्याच्या आजीनं दोरा सोडला, चिमूटभर तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "बाई, ह्याची चटणी होईल. भाकरी कशाची थापायची?"

मला जवच हवे होते. पाच भाकरी आणि दोन मासे येशूनं हजारोंना पुरवले आणि उरलेल्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरल्या, ही गोष्ट बायबलातल्या चारही शुभवर्तमानांत आहे, पण ती शिदोरी एका लहान मुलाची होती आणि भाकरी जवाच्या होत्या, हे एकटा योहान सांगतो, सहाव्या अध्यायात. चार वर्षांच्या पोराला सांगायच्या गोष्टीत एक पोरगा सापडला म्हणजे माझं अर्धं काम झालं. निम्मी हयात बालवाडीत गेली, रविवारी चर्चच्या शब्बाथ शाळेत लहानांचा वर्ग अजूनही माझ्याकडंच आहे. एवढं तरी कळतं.

तम्माला शाळेत घातलेलं नाही. त्याची आई म्हणाली होती, "सहाचा होईस्तोवर मी घरातच शिकवतो बाई. तुम्ही आठवड्यातनं तीन दिवस या." (आमच्याकडं बायकाही 'करतो, येतो'च म्हणतात.) कायद्याची तिला धास्ती होती. मी सांगितलं, शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे, ह्याला अजून वेळ आहे. भाषेचा हट्ट मात्र तिचा स्वतःचा. पुढं शाळा इंग्रजी असणार, गल्लीत कन्नड आहेच. "मराठीतली पहिली कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी ह्याच बेळगावात १८३१ साली जन्मले, आणि माझा पोरगा 'डेली ब्रेड' म्हणत प्रार्थना करणार काय?" मला पटलं. ब्रेड म्हटलं की ह्या पोराला बेकरीतला चौकोनी पाव दिसतो. 'रोजची भाकर' म्हटलं की आजीचा तवा.

तर त्या दिवशी जोंधळ्याच्याच भाकरी करायच्या ठरल्या. आजीनं पिठात कढत पाणी ओतलं, लिंबाएवढे पाच गोळे तम्मापुढं ठेवले. पहिली भाकरी त्याच्या हाताला चिकटून वर आली. दुसरीची कड फाटली. तिसरीला त्यानं आजीसारखं तळवा फिरवत थापलं आणि ती बशीएवढी, बऱ्यापैकी गोल झाली. तव्यावर पडल्यावर वरून पाण्याचं बोट फिरवायचं काम त्याचं. आजीनं त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. पापुद्रा फुगला की तो प्रत्येक वेळी "उठली!" म्हणून ओरडत होता.

मासे कणकेचे केले, डोळ्यांना मिरी लावली आणि तेलात तळले. खरे बांगडे आजीला चालले असते, पण वाटप शेजारी करायचं होतं आणि पलीकडच्या अक्का लिंगायत.

मोजणीची तयारी आधीच्या आठवड्यात झाली होती. पाच भाकरी म्हणजे एक पंजा, दोन मासे म्हणजे दुसऱ्या हाताची दोन बोटं. बारा टोपल्यांसाठी बोटं पुरत नाहीत, म्हणून आपली जुनी रीत: अंगठा सोडून चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं. अंगठ्यानं एकेक पेर दाबत तो बारापर्यंत न चुकता जातो. फक्त 'टोपली' त्याला मान्य नाही. "बुट्टी म्हणा की बाई." म्हटलं, बरं, बुट्टी. बारा द्रोण म्हणजे बारा बुट्ट्या, खिडकीत ओळीनं मांडल्या.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग माझी जीभ घसरली. शास्त्रात, म्हणजे बायबलात, येशू भाकरी मोडतो, तम्मानंही मोडल्या, पाच ताटल्यांत तुकडे घातले, आणि फडक्याखाली झाकून आई त्याला घेऊन निघाली तेव्हा मी दारातनं म्हणाले, "दे सगळ्यांना. देणाऱ्याला कमी पडत नाही, बघ." वर्गात हे वाक्य मी शंभरदा बोलले असेन. पण वर्गात मुलांच्या हातात कागदाच्या भाकरी असतात.

पाच घरं फिरून तो अर्ध्या तासानं आला, डोक्यावर पावसाचे थेंब तसेच. अक्कांनी भाकरी घेतली आणि माशाकडं बघून "मीनु ब्याडप्पा", मासा नको रे बाबा, म्हणून हसल्या, हे सांगायला तो थांबलाही नाही. सरळ परातीकडं गेला. फडकं उचललं. परात रिकामी. मग खिडकीशी स्टूल ओढून एकेक द्रोण उचलून आत बघितलं, बाराच्या बारा.

रडला नाही, हेच जास्त लागलं. माझ्याकडं वळून म्हणाला, "बाई, त्या पोरानं काय खाल्लं?"

मी पिशवीतनं शास्त्र काढलं. नवव्या वचनात तो मुलगा येतो, भाकरी आणि मासे त्याच्याजवळ आहेत एवढं येशूचा शिष्य आंद्रिया सांगतो, आणि पुढं त्याचा उल्लेख नाही. त्याचं नावसुद्धा नाही. इतक्या वर्षांत मी ही गोष्ट किती वर्गांना सांगितली, त्या पोराच्या जेवणाचं मला कधी सुचलं नव्हतं. म्हणाले, "सगळे पोटभर जेवले असं लिहिलंय. सगळ्यांत तोही आला."

"मग मला?"

आता तो रडला. आजी काही न बोलता परत पीठ चाळायला बसली.

पाऊस थांबेना म्हणून मी तिथंच अडकले. चारच्या सुमाराला ताटल्या परतू लागल्या. रिकामं भांडं परत द्यायचं नाही ही रीत पाळणारी घरं गल्लीत अजून आहेत: अक्कांकडनं शेंगाचटणी, कोपऱ्यावरच्या मराठ्यांच्या वहिनींकडनं गुळाचा खडा, तिसरीकडनं वाटीभर साखर. चौथी ताटली धुऊन पुसून रिकामीच आली. पाचवी आलीच नाही.

आई हरखली. "बघ तम्मा, येशूनं परत भरून दिलं का नाही?"

मला राहवलं नाही. "असं नको शिकवू गं. ती अक्कांनी कुटलेली चटणी आहे. त्याला अक्कांचे आभार मानायला शिकव." ती दुखावली. अक्कांच्या मनात कुणी घातलं मग, म्हणाली. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, पण मत बदललं नाही. रीतीला चमत्कार म्हणून सांगितलं तर उद्या ज्या घरातनं रिकामी ताटली येते, त्या घराबद्दल हा पोरगा काय समजेल?

तम्मा तोवर तीन द्रोणांत चटणी, गूळ आणि साखर वेगवेगळी घालून पेरं मोजत होता. "तीन. बारा नाहीत."

परवा गेले तर आईनं दारातच हात जोडले. पोरगा सकाळी उरलेले नऊ द्रोण घेऊन गल्लीत फिरून आला होता. प्रत्येक दारात एक ठेवायचा आणि सांगायचं, "ही बुट्टी रिकामी आहे." लाजेनं ती दिवसभर बाहेर पडली नव्हती. अक्कांनी चुरमुरे भरून दिले होते, बाकीच्यांनीही काही ना काही, आणि ज्यांची ताटली अजून आली नव्हती त्या घरातनं दोन केळी.

बाराही द्रोण पाटावर मांडले होते. मी प्रार्थनेसाठी हात जोडले. तम्मानं डोळे मिटायच्या आधी चुरमुऱ्यांचा द्रोण आपल्यापुढं ओढला, बाकीच्यांवर फडकं टाकलं आणि म्हणाला, "हे त्या पोराचं."