पळा म्हटलं, पण पळायचं कसं?

गाझाच्या बातम्यांत मेलेल्यांचा आकडा आधी येतो, जखमींचा नंतर, आणि माझं डोकं त्या दुसऱ्या आकड्यापाशीच अडकतं कारण आमचं कामच ते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला. बहुतेक सेरेब्रल पाल्सीची (सीपी) पोरं येतात, म्हणजे मेंदूला लहानपणीच इजा झाल्याने अंगाच्या हालचालीवर नीट ताबा नसलेली, मधूनच एखादं अपघातात पाय गेलेलं.

युनिसेफने डिसेंबर 2023 मध्ये सांगितलं होतं की गाझात साधारण हजार मुलांचे एक किंवा दोन्ही पाय गेलेत. तेव्हा युद्धाला तीन महिनेही झाले नव्हते! वर्षभराने यूएनचे सरचिटणीस गुटेरेस यांच्या निवेदनात आलं की लोकसंख्येच्या मानाने हातपाय कापावे लागलेली जगातली सगळ्यात जास्त मुलं आता गाझात आहेत.

आता यात लोकांना वाटतं की ठीक आहे, वाईट झालं, पण नकली पाय बसवला की चालेल पोरगं. तसं नसतं हो. मोठ्या माणसाचं ठीक आहे, त्याची वाढ झालेली असते. लहान मुलाचं कापलेलं हाड वाढत राहतं, वरची कातडी त्या मानाने वाढत नाही, मग हाडाचं टोक आतून टोचायला लागतं, दुखतं, कधी कातडी फाडून बाहेर येतं आणि परत ऑपरेशन, काही मुलांना तर वाढ थांबेपर्यंत दोन-तीनदा. शिवाय सॉकेट, म्हणजे नकली पायाचा वरचा भाग ज्यात उरलेला पाय बसतो, तो वर्षभरात घट्ट होतो. दुसरा पाय वाढतो आणि नकली तेवढाच राहतो, मग कंबर एका बाजूला झुकते, पोरगं तसंच लंगडत राहिलं की पाठीचा कणा वाकडा. सातव्या वर्षी पाय गेला तर अठराव्यापर्यंत आठ-दहा पाय लागतील, आणि दर वेळी माप, प्लास्टर, ट्रायल, चालायची प्रॅक्टिस. हे सगळं तंबूत राहून, दर काही महिन्यांनी जागा बदलून करायचं. तिथलं हमद हॉस्पिटल, जे खास रिहॅब आणि कृत्रिम अवयवांसाठीच बांधलेलं, ते युद्धात बंद पडलं.

आणि हे झालं युद्धात पाय गेलेल्यांचं. जे आधीपासून चालू शकत नव्हते त्यांचं काय?

13 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलने उत्तर गाझातल्या साधारण 11 लाख लोकांना दक्षिणेला निघून जा म्हणून सांगितलं, मुदत 24 तास. गणपतीपुळ्याला किनाऱ्यावर कोणी व्हीलचेअर ढकलून बघितली असेल तर त्याला कळेल, पुढची छोटी चाकं दोन फुटांत रुततात, मग उलटी फिरवून मागे ओढत न्यावी लागते. तिथे वाळू तर आहेच, वर पडलेल्या इमारतींचा मलबा. मग उचलून न्या म्हणाल तर दहा वर्षांचं सीपीचं पोरगं पंचवीस किलोचं असतं, आणि घाबरलं की अंग अजून ताठ होतं, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, मान मागे जाते. आमच्या सेंटरमध्ये नुसतं भांडं पडलं तरी काही मुलं अशी दचकतात की अर्धा तास अंग सैल होत नाही. तिथे बॉम्ब पडतायत आणि आईने ते ताठलेलं पोर घेऊन चालायचं, बरोबर अजून दोन लेकरं, पाणी, पिशव्या.

सीरियातली नुजीन मुस्तफा बऱ्याच जणांना आठवत असेल. सेरेब्रल पाल्सी, अलेप्पोत पाचव्या मजल्यावर घर आणि लिफ्ट नाही, म्हणून बालपण जवळपास घरातच गेलं आणि टीव्हीवरच्या अमेरिकन सिरियल बघून ती इंग्लिश शिकली. 2015 मध्ये 16 वर्षांची असताना तुर्कस्तानातून बोटीने ग्रीसला आणि तिथून पुढे जर्मनीपर्यंत गेली, बहीण व्हीलचेअर ढकलत होती. एप्रिल 2019 मध्ये ती यूएन सुरक्षा परिषदेसमोर बोलली आणि दोन महिन्यांत ठराव 2475 आला, युद्धातल्या अपंग माणसांबद्दल सुरक्षा परिषदेचा पहिलाच. बरं वाटलं होतं तेव्हा वाचून. पण ठरावाला चार वर्षं होऊन गेल्यावर गाझा झालं, त्यामुळे आता कागद बघून फार हुरळून जायला होत नाही. आणि मला खरं तर तिच्याबरोबरच्या बहिणीचंच जास्त वाटतं, तिच्यावर कुठे ठराव नाही. ती नसती तर काय झालं असतं?

आपल्याकडे हे सगळं लांबचं वाटतं. पण 7 मे 2025 ला सिव्हिल डिफेन्सचं मॉक ड्रिल झालं, देशात 244 जिल्ह्यांत, त्यात नाशिकही होतं. भोंगा वाजला की आडोशाला जा, ब्लॅकआउट झाला की लाईट बंद. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी नुसता प्रश्नांचा पाऊस. एका आईची मुलगी ऐकू न येणारी, तिने विचारलं लाईट बंद केल्यावर मी हिच्याशी खुणांनी बोलू कशी? एकीला टेन्शन लिफ्टचं, सहावा मजला. कोणीतरी लिहिलं की वॉर्डात अपंगांची यादी असेल ना, तर ज्यांच्याकडे चौकशी केली त्यातल्या कोणालाच अशी यादी माहीत नव्हती.

मग आम्ही आमच्यापुरतं सुरू केलंय. फिट येणाऱ्या मुलांचं औषध निदान महिनाभराचं जास्तीचं घरात, कारण व्हॅल्प्रोएटसारखं औषध एकदम बंद झालं तर फिटा वाढतात, लागोपाठ येऊ शकतात. श्रवणयंत्राच्या बॅटऱ्यांची दोन पाकिटं. मुलाच्या नावाचं, औषधांचं, तो कसा खातो, त्याला कसं उचलायचं याचं लॅमिनेट केलेलं कार्ड, मराठी आणि हिंदी दोन्हीत. आणि प्रत्येक बिल्डिंगमध्ये दोन तगडे शेजारी, ज्यांना पोराला जिन्यावरून खाली कसं आणायचं ते आम्ही शिकवतोय. आतापर्यंत चारच बिल्डिंग झाल्यात, कारण शेजारी "हो हो येतो" म्हणतात आणि रविवारी फोन उचलत नाहीत.