कराच्या बिलातली एक ओळ

न्यू जर्सीत मालमत्ता कर जबर आहे, हे इथे घर असलेला कुणीही सांगेल. बिलात शाळा, काउंटी, नगरपालिका असे हिशेब मांडलेले असतात आणि बऱ्याच गावांत त्यांच्या खाली आणखी एक ओळ असते: ‘ओपन स्पेस’. मोकळ्या जागा आणि मैदानं राखण्यासाठीचा हा कर. घराच्या करपात्र किमतीच्या दर 100 डॉलरमागे अगदी थोडे सेंट. पण गावाने मतदानात हो म्हटल्याशिवाय तो लावताच येत नाही. आधीच करांनी वैतागलेली माणसं मैदानांसाठी आपणहून आणखी पैसे द्यायला तयार होतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

राज्याचा ‘ग्रीन एकर्स’ कार्यक्रमही असाच मतदारांच्या कौलातून उभा राहिला. 1961 मध्ये लोकांनी 6 कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली, तेव्हापासून तो चालू आहे. त्यातून गावांना अनुदान आणि कमी व्याजाचं कर्ज मिळतं. अर्ज करायचा तर जाहीर सुनावणी घ्यावी लागते. अशा एका सुनावणीला मी गेले होते. आपल्याकडच्या मुलांनी क्रिकेटचं पिच मागितलं. एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, बाकं सावलीत ठेवा, उन्हात कोण बसणार? नगरपालिकेच्या बाईंनी ते नकाशावर तिथल्या तिथे पेन्सिलीने टिपून घेतलं.

याच्या वर केंद्राचा ‘लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंड’. 1964 च्या कायद्याने तो आला. त्यातला बहुतेक पैसा समुद्रातून तेल आणि वायू काढणाऱ्या कंपन्या सरकारला देतात त्या रॉयल्टीतून येतो. जमिनीखालची ठेव संपत जाणार, तर तिच्या बदल्यात सगळ्यांच्या मालकीचं काहीतरी टिकाऊ उरावं, हा त्यामागचा विचार मला मनापासून पटतो. वर्षाला 90 कोटी डॉलर कागदावर ठरलेले, पण काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दशकानुदशकं त्यातला बराच पैसा भलतीकडे वळवत राहिली. अखेर 2020 मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून कायदा केला आणि पूर्ण रक्कम दरवर्षी मिळणं पक्कं झालं.

यातून गावाला मिळतो तो साधारण निम्मा खर्च. उरलेला निम्मा उभा करताना बिलातली ती ओळ उपयोगी पडते.

सगळ्यात मोलाची मात्र केंद्राच्या निधीतली अट. हा पैसा एकदा घेतला की ती जागा कायमची मैदानी खेळ आणि विरंगुळ्यासाठीच ठेवावी लागते. पैसे नुसत्या टेनिस कोर्टासाठी घेतले असले, तरी सहसा अख्खं पार्क अटीखाली येतं. पुढे तिथे इमारत बांधायची झाली, तर नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्राच्या खात्याची परवानगी लागते आणि किमान तेवढ्याच किमतीची, तेवढीच उपयोगी दुसरी जागा लोकांना द्यावी लागते. नगरपालिकेत सत्ता कुणाचीही येवो, अट सुटत नाही. बिल्डरच्या एका फोनसरशी मैदान जाणार नाही, याची एवढी पक्की तजवीज मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

एक उणीव मात्र खुपते. केंद्राचा हा निधी जागा घ्यायला आणि सोयी उभारायला मिळतो, रोजच्या देखभालीला नाही. गवत कापणं, स्वच्छतागृहं धुणं, मोडलेला झोपाळा बदलणं हे सगळं गावाच्या खिशातून. म्हणून नवं पार्क मागणाऱ्या प्रत्येक सुनावणीत ते राखायला वर्षाला किती लागणार आणि ते कोण देणार, हेही विचारायला हवं.