चेंबरचं पॅकिंग नवीन, तरी गळती तशीच

माझ्या जुन्या मारुती ८००चं चेंबर पॅकिंग (इंजिनच्या तळाशी ऑइल साठवणारं पत्र्याचं भांडं म्हणजे चेंबर, त्याच्या सांध्यातली गळती रोखणारी पट्टी म्हणजे पॅकिंग) गॅरेजमध्ये दोनदा बदलून झालं आणि दोन्ही वेळा महिन्याभरात पार्किंगच्या फरशीवर ऑइलचे डाग परत आले. तिसऱ्यांदा चेंबर मी स्वतः खोललं. पॅकिंगमध्ये काहीच दोष नव्हता. चेंबरची कड वाकलेली होती आणि दोन्ही वेळा कोणी ती सपाट केलीच नव्हती. अर्ध्या तासाचं काम आहे ते, म्हणूनच राग जात नाही.

पण आधी गळती चेंबरचीच आहे ना, हे पक्कं करा. ऑइल वरून ओघळतं आणि चेंबरच्या कडेला येऊन थेंब धरतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग (रबरी कडी), ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरचं रबर, यांपैकी काहीही गळत असेल तरी खालून बघताना चेंबरच दोषी वाटतं. इंजिन खालून-वरून धुऊन पूर्ण वाळू द्या, चेंबरच्या कडेभोवती आणि तिच्या वरच्या भागावर टाल्कम पावडर मारा आणि एक चक्कर टाकून या, नाशिकमध्ये असाल तर पाथर्डी फाट्यापर्यंत. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली असेल, गळती तिथून आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर ती क्रँकची (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची) मागची सील. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, चेंबर खोलून उपयोग नाही.

खोलणं सोपं आहे. गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना विटा लावा, पुढून उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, आड येणारे पत्रे-पाइप सोडवा, १० नंबरच्या गोटीने (सॉकेटने) चेंबरचे बोल्ट काढा. सिलिकॉनने (सांध्यावर लावायच्या चिकट सीलंटने) धरून ठेवलेलं चेंबर लगेच सुटत नाही. तिथे स्क्रू-ड्रायव्हर ठोकून उचकटू नका, ब्लॉकवर, म्हणजे चेंबर ज्याला बसतं त्या इंजिनच्या मुख्य भागावर, ओरखडा पडला की तो कायमचा. पुट्टी लावायची पातळ पात सांध्यात सरकवत चहूबाजूंनी फिरवा.

आता मुख्य गोष्ट. चेंबर पत्र्याचं, ब्लॉक ओतीव. गळती दिसली की मेकॅनिक पहिल्यांदा बोल्ट आवळतो. त्याने बोल्टाच्या भोकाभोवतीचा पत्रा ब्लॉककडे ओढला जाऊन तिथे उंचवटा येतो आणि दोन बोल्टांच्या मधली कड खाली राहते. मग पॅकिंग भोकापाशी चिरडतं आणि मधल्या जागेत सैल पडतं. ऑइल तिथूनच झिरपतं. जितकं आवळाल तितकी गळती वाढेल. माझ्या चेंबरच्या जवळपास प्रत्येक भोकाशी असा फुगवटा होता.

तपासायला जाड काच किंवा सपाट लोखंडी प्लेट पुरते. चेंबर धुऊन त्यावर उपडं ठेवा आणि मागून टॉर्च मारा. जिथून उजेड येतो, तिथून ऑइल येणार. सरळ करताना कडेच्या खाली लाकडाचा सपाट ठोकळा किंवा ऐरण घट्ट टेकवा आणि पॅकिंग बसतं त्या बाजूने, भोकाभोवतीचा फुगवटा छोट्या बॉल-पिन हातोडीने हलक्या हाताने बसवा. चार-पाच ठोके, परत काचेवर, परत ठोके. उजेड बंद होईपर्यंत हेच. चेंबर गंजून चाळणी झालं असेल किंवा कड फाटली असेल तर हा खटाटोप करू नका, दुसरं चेंबर घ्या.

जुनं पॅकिंग खरवडण्यात मात्र अख्खी दुपार जाते. ब्लॉकच्या बाजूला प्लास्टिकची किंवा बोथट पात वापरा. पॉलिश पेपर नको, त्याची पूड बेअरिंगपर्यंत जाते. बोल्टांची भोकंही साफ करा. तळाशी ऑइल किंवा जुनं सिलिकॉन साचलं असेल तर बोल्ट पुरता बसण्याआधीच घट्ट लागतो आणि पॅकिंग दाबलंच जात नाही. चेंबर काढलंच आहे तर ऑइलची जाळी (पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती) उघडून बघा. माझ्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे अडकलेले होते. बाहेर ओघळलेलं सिलिकॉन दिसतं, तितकंच आतही गेलेलं असतं. ते सुटून जाळीत बसलं की ऑइलचा दाब पडतो आणि इंजिनची बेअरिंग जातात. "पॅकिंगवर सिलिकॉन मारून देतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा," असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन थापलं की ते वंगणासारखं काम करतं आणि आवळताना पॅकिंग बाहेर सरकतं. पॅकिंग कोरडंच बसवा. सिलिकॉनचा लहान ठिपका फक्त चार कोपऱ्यांत, जिथे पुढचं ऑइल पंपाचं केसिंग आणि मागच्या सीलचं हाउसिंग ब्लॉकला मिळतं तिथे.

ब्लॉक पुसला तरी क्रँकवरून थेंब पडतच राहतात. त्यामुळे चेंबर रात्रभर काढून ठेवा आणि बसवण्याच्या अगदी आधी ब्रेक क्लीनरने शेवटचं पुसा. सगळे बोल्ट आधी हाताने लावा. मग मधून टोकांकडे, समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळा. ६ मिलिमीटरचे बोल्ट आहेत, त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. टॉर्क पाना नसेल तर छोटं रॅचेट मानेजवळ धरून नुसत्या मनगटाचा जोर द्या.

कोपऱ्यांतलं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं. नाशिकच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते पावसाळ्यापेक्षा जास्त वेळ घेतं, म्हणून पूर्ण २४ तास थांबा आणि मगच ऑइल भरा. संध्याकाळी गाडी देण्याच्या घाईत हाच वेळ खाल्ला जातो.

ड्रेन प्लगचा वॉशर नवीन टाका. पॅकिंग आणि वॉशर दोन्ही मिळून एक लिटर ऑइलपेक्षा स्वस्त पडतात. नाशिकमध्ये द्वारकेच्या बाजूला स्पेअरपार्टच्या दुकानात जुनं पॅकिंग सोबत नेलं तर भोकं जुळवून घेता येतात. फिल्टरही बदलला तर ऑइल सुमारे ३ लिटर लागेल. एकदम सगळं ओतू नका, डिपस्टिक बघत भरा. इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करा.

काढलेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या. सातपूर-अंबडच्या बाजूचे नाले नंदिनी नदीला मिळतात आणि नंदिनी गोदावरीला.

एक राहिलंच. टॅपेट कव्हरवरचा ब्रीदर पाइप (इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारा) चोंदलेला असेल तर आतला दाब नव्या पॅकिंगमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. हे खरं तर चेंबर खोलण्याआधीच बघायला हवं. पाइप काढून फुंकर मारा, हवा आरपार गेली पाहिजे. पाइप मोकळा असूनही इंजिन चालू असताना ऑइलच्या झाकणातून जोरात धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मग पॅकिंग कितीही चांगलं बसवा, ते फार दिवस टिकणार नाही.

काम झाल्यावर आठ दिवस रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. एखादा थेंब दिसला तर पाना हातात घेऊ नका. आधी पुसा, पावडर मारा आणि तो कुठून आला ते शोधा.