एका फोनचं काम नव्हतं ते

मी तेव्हा जळगावला एका वकील साहेबांकडे ज्युनिअर होतो. साहेब आमदार पण होते, त्यामुळे सकाळी ऑफिसात निम्मे पक्षकार आणि निम्मे लोक डीपी जळाली, बदली करून द्या, रेशन कार्ड अडकलं यासाठी आलेले. आमदाराला वकिली चालते का असं खूप जण विचारतात. चालते, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की आमदार म्हणजे पूर्णवेळ पगारी नोकर नाही. आणि जळगावला त्याचं काय नवल, प्रतिभाताई पाटील इथल्याच कोर्टात वकिली करायच्या, १९६२ ला २७ व्या वर्षी जळगावातून आमदार झाल्या, पुढे एदलाबादहून (आताचं मुक्ताईनगर) लागोपाठ चार टर्म.

तर तो शुक्रवार. सोमवारपासून नागपूरचं अधिवेशन, साहेब प्रश्नांच्या फाइली बांधत होते आणि पारोळ्याकडची एक म्हातारी पोराला घेऊन आली. पाटचारीत जमीन गेलेली, शेजाऱ्यांनी कोर्टात जाऊन मोबदला वाढवून घेतला, हिने तेव्हा अर्जच केला नव्हता. ती सरळ म्हणाली, "भाऊ, तुम्ही आमदार शेतस, कलेक्टरले एक फोन लाई द्या ना."

मला वाटलं साहेब लावतील, एरवी लावायचेच. पण त्यांनी तिची कागदांची पिशवीच मागितली.

१८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात कलम २८अ होतं, एकाच नोटिफिकेशनमधल्या शेजाऱ्याला कोर्टाने वाढवून दिलं तर अर्ज न केलेल्यालाही तोच दर मागता येतो, पण कोर्टाच्या निकालापासून तीन महिन्यांत. मला उशिरा कळलं हे कारण चालत नाही आणि उशीर माफ करायचा अधिकार कलेक्टरला नाही. (२०१३ च्या कायद्यात हेच कलम ७३ झालं, मुदत तीच.) निकालाची तारीख बघितली, तीन महिने कधीच उलटलेले. मी मनातल्या मनात फाइल बंद केली.

साहेब मात्र निकालाची नक्कल उलटी करून बसले. पोराने स्वतःच्या आईच्या नावाने नकलेचा अर्ज केला होता आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. अर्ज कधी, नक्कल तयार कधी, सगळं मागच्या शिक्क्यात होतं. कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर घेतलं, दोनदा मोजलं, शेवटचा दिवस आजचाच निघाला.

मग काय, अर्ज तिथंच टाइप केला, म्हातारीचा अंगठा घेतला, आणि मी त्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून भूसंपादन ऑफिसला. आवक-जावकचा क्लार्क म्हणे साहेब मीटिंगला आहेत, सोमवारी या. मी आमच्या साहेबांना फोन केला की तुम्ही जरा बोलता का, तर ते म्हणाले, "माझ्या बोलण्याने तारीख वाढत नाही, शिक्का घे." मी काउंटर सोडला नाही, क्लार्क वैतागला पण दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेसकट शिक्का मारला.

पुढे सुनावणीत मुदतीचा मुद्दा निघालाच. नकलेचा मागचा शिक्का आणि आमची आवक प्रत शेजारी शेजारी ठेवली, तिथंच तो मिटला. मोबदला शेजाऱ्यांच्या दरानेच मिळाला. म्हातारी मात्र गावात अजून सांगते म्हणे, आमदाराने फोन लावला म्हणून काम झालं, आणि पुढच्या निवडणुकीत साहेबांनी तिला कधी दुरुस्त केलं नाही.