शेवट आधीच कळला तर

कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. शीर्षकाच्या पानावर, लायब्ररीच्या शिक्क्याच्या जरा खाली, बारीक नेटक्या अक्षरात. एक नाव आणि पुढे दोन शब्द. काय ते इथे लिहीत नाही. 'द सायलेंट पेशंट' अजून न वाचलेलं माझ्यासारखं कुणीतरी शिल्लक असेलच. पुस्तक २०१९ चं. सगळ्यांचं वाचून, त्यावर बोलून, विसरूनसुद्धा झालं, तेव्हा कुठे माझा नंबर लागला, आणि लागला तो असा.

लायब्ररीतल्या काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे हो." म्हटलं, अहो काका, अक्षराचं काय, रहस्यकथा आहे ही! तर म्हणाले, पूर्वी प्रत्येक पुस्तकात लिहायचे लोक. 'फालतू', 'अप्रतिम', 'पान १४० पासून वाचा'. हल्ली लिहिणारेच येत नाहीत. म्हणजे त्यांना झाला आनंदच. खोडरबर मागितलं तर कॅल्क्युलेटरखालून काढून दिलं, आणि मी ते नाव खोडलं. पुढच्या माणसाची सोय झाली. माझं काय?

माझं म्हणजे, काकांसमोर मी रागावले होते ते तोंडदेखलं होतं. घरी आल्यावर जाणवलं. ते नाव वाचल्या वाचल्या जे वाटलं तो राग नव्हताच. हुश्श वाटलं होतं. चला, कळलं एकदाचं. आता निवांत वाचू.

रहस्यकथेचं रहस्य फुटल्यावर कुणाला हुश्श वाटतं?

हेच डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. भाजी चिरताना तेच, गाडीत तेच. घाटकोपर गेलं, कुर्ला गेलं, आणि मी खिडकीतून बघत विचार करतेय की मला हुश्श का वाटलं.

बरं, पुस्तक टाकून दिलं असतं तर म्हटलं असतं की कंटाळा आला. तसंही नाही. अगदी शेवटपर्यंत वाचलं, आणि चवीनं वाचलं. अ‍ॅलिसिया चित्रकार आहे, लंडनमध्ये राहते, नवऱ्यावर जीव आहे. एका रात्री ती त्याच्या चेहऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर बोलतच नाही. पोलिसांशी नाही, कोर्टात नाही, कुणाशीच नाही. फक्त एक चित्र काढते आणि त्याला नाव देते ग्रीक नाटकातल्या बाईचं, अल्केस्टिसचं. ही अल्केस्टिस नवऱ्याच्या बदल्यात मरायला तयार होते, नवराही ते चालवून घेतो. पुढे तिला मृत्यूच्या दारातून परत आणतात, पण परत आल्यावर ती एक अक्षर बोलत नाही. नाटक तिथेच संपतं. युरिपिडीसनं हे अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. मला वाटतं, त्या कादंबरीतला सगळ्यात भारी भाग हाच आहे, आणि तो उसना आहे. नवऱ्यानं 'बरं, मर' म्हटल्यावर परत येऊन बाईनं बोलायचं तरी काय?

बाकी पुस्तकाबद्दल माझं मत फार बरं नाही. तिच्यावर उपचार करणारा तो मानसोपचारतज्ज्ञ थिओ पानोपानी आपलं ज्ञान पाजळतो, लहानपणीच्या जखमा अमुक नि तमुक. पोलीस तर जवळपास गायबच. कुठलीही बंद खोली थिओला कुणीतरी उघडून देतं, आणि जो भेटतो तो मन मोकळं करतो. आमच्या इथे साधा टोकन नंबर विचारला तरी कुणी मन मोकळं करत नाही. पण शेवट माहीत असल्यामुळे मला एक गंमत मिळाली जी बाकीच्यांना पहिल्या वाचनात मिळाली नसणार. लेखकाचा हात दिसत होता. इथे त्यानं काय झाकलंय, इथे शब्द कसा तिरका ठेवलाय. आणि अ‍ॅलिसियाची रोजनिशी, जी मधूनमधून येते, ती मी घाई न करता वाचली. कोडं म्हणून वाचली असती तर त्या बाईचा एकटेपणा दिसला नसता, पुरावेच शोधत बसले असते.

ओवीला हे सांगितलं तर तिनं लगेच काहीतरी शोधून पाठवलं. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या दोघांनी २०११ मध्ये प्रयोग केला होता. लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून आणि काहींना न सांगता. ज्यांना शेवट ठाऊक होता त्यांनाच कथा जास्त आवडल्या. म्हणजे माऊ, तू नॉर्मल आहेस, असं तिनं वर लिहिलं होतं, हसऱ्या चेहऱ्यासकट. पोरगी गोड आहे, पण मी तिला 'मजा आली' असं सांगितलं होतं. हुश्श झालं ते सांगितलं नव्हतं. त्यावर कुणी प्रयोग केलाय का, ते विचारायला हवं.

कारण गंमत वेगळी नि हुश्श वेगळं. लंडनला 'द माउसट्रॅप' नावाचं नाटक १९५२ पासून चालू आहे, कोविडनं थांबवलं तेवढंच. प्रयोग संपला की प्रेक्षकांना सांगतात, खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका, आणि म्हणे लोक नाही सांगत. इतकी वर्षं इतके लोक एक गोष्ट पोटात ठेवतात ती कशासाठी, तर पुढच्या माणसाला दोन तास काही माहीत नसण्याचं सुख मिळावं म्हणून. सुख! आणि मी इथे कुणा अनोळखी माणसाची मनातल्या मनात आभारी.

मग वाटलं की हे वय. पूर्वी मी अशी नव्हते. कॉलेजात असताना शिरवळकरांची पुस्तकं उशीत घालून वाचायचे, आणि शेवटची पानं कुणी सांगू नयेत म्हणून मैत्रिणींशी भांडायचे. आता कुणी आपल्याला फसवावं एवढासुद्धा जोर राहिला नाही अंगात. धक्का बसून घ्यायलाही ताकद लागते हो. रात्री अकराला ओटा पुसून झाल्यावर हातात पुस्तक घ्यायचं आणि त्यानंही म्हणायचं, ओळख बघू आता काय होणार? नाही ओळखत, जा. दिवसभर तेच तर करतेय.

पुरे. हे फारच रडकं व्हायला लागलं.

पण मग या पावसाळ्यात काय काय वाचलं ते आठवून पाहिलं, आणि जरा चमकलेच. 'फोर्थ विंग' ओवीनं बळंच दिलं होतं. ड्रॅगन आणि मी? पण वाचलं. व्हायलेटला खरं तर बापासारखं लेखनिक होऊन ग्रंथांत बसायचं असतं. बाप गेलेला, आई सेनापती, आणि ती या नाजूक हाडांच्या मुलीला ड्रॅगनस्वारांच्या शाळेत घालते. पहिल्याच दिवशी हातभर रुंदीच्या दगडी पुलावरून दरी ओलांडायची, पडला तो मेला, अशी प्रवेशपरीक्षा. पुढेही पोरं पटापट मरतात. आणि मी मजेत लोळून वाचतेय, कारण पाच पुस्तकांची मालिका म्हटल्यावर ही पहिल्यात कशी मरेल? शिवाय गोष्ट तीच सांगतेय. नायक झेडन मला सतत कुठेतरी टेकून उभा राहिलेला दिसला. त्याच्या सावल्या, त्याचा जबडा, त्याच्या बापाचं बंड, हे सगळं ओवीच्या वयाला ठीक आहे. मला आवडला तो टेर्न. काळा, अवाढव्य, खवचट ड्रॅगन. व्हायलेटच्या डोक्यात थेट बोलतो आणि शक्यतो तिला नावंच ठेवतो. घरात असा एक असावा.

त्याच्या आधी 'बीच रीड'. रोमान्सचं तर विचारायलाच नको. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं व्याख्येतच घालून ठेवलंय की मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. करारच तो. यातली जानेवारी स्वतःच रोमान्स लिहिणारी. वडील गेल्यावर तिला कळतं की त्यांचं तळ्याकाठी आणखी एक घर होतं आणि त्यांच्या आयुष्यात आणखी एक बाई. झालं, गोड शेवटांवरचा तिचा विश्वास उडतो. शेजारच्या घरात कॉलेजातला तिचा जुना प्रतिस्पर्धी, गंभीर साहित्य लिहिणारा गस. दोघांची पैज लागते. तिनं त्याच्यासारखं काळंकुट्ट लिहायचं, त्यानं तिच्यासारखं गोड. त्या दोघांचं पुढे काय होतं हे शेंबडं पोरही सांगेल, आणि तरीही मी पहाटेपर्यंत वाचत होते. मुखपृष्ठ बघून हलकंफुलकं वाटतं, तसं ते नाही. बापावर रागवायचं असतं आणि बाप तर गेलेला, ही पंचाईत लेखिकेनं नीट पकडलीय.

एकाच गोष्टीनं वैताग आणला. वडिलांनी तिच्यासाठी पत्र ठेवलेलं असतं, आणि ही बया ते उघडतच नाही. प्रकरणामागून प्रकरणं जातात. तळ्यावर काय, जत्रेत काय, गसबरोबर नाचतेय काय, आणि पत्र पडलंय तसंच. मी पुस्तकावर ओरडले अक्षरशः. अगं, फोड ना ते पाकीट! लोकांना झोप कशी लागते?

आमच्याकडेही एक आहे, फ्रिजवर, बिलांच्या खाली. मिलिंद म्हणतो शनिवारी, डॉक्टरांसमोरच. बरं.

तर सांगायचा मुद्दा, ड्रॅगन असोत की तळ्याकाठची घरं, मी उचलतेय ती सगळी पुस्तकं अशी की ज्यांचा शेवट मला निघतानाच ठाऊक. 'सायलेंट पेशंट' हे एकच तसं नव्हतं. ते घेतलं तेव्हाही पोटात किंचित गोळा आला होता, आता आठवतंय. पेन्सिलवाल्यानं तो काढून टाकला, एवढंच.

काल आईला फोनवर सहज विचारलं, तू लायब्ररीत पुस्तक कसं निवडायचीस गं? तिला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही की आज हे काय मध्येच. म्हणाली, शेवटचं पान बघून! शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, कुणाचंही असो, काउंटरवर उभ्या उभ्या शेवटचं पान उघडायचं. दोघं एकत्र येतायत ना? मग नाव लिहून घ्या. आणि नसतील येत तर? "तर ते दुसरीला द्यायचं. रडवणारं घरात काय कमी होतं?" त्या काळात, त्या घरात, चार वाजताच्या चहाआधी मिळणाऱ्या तासात तिला जे वाचायचं होतं ते तिनं आधी तपासून घेतलं. यात लाज कसली ते तिला कळेचना.

आणि बाबा? बाबा अर्नाळकरांचे भक्त. बाबूरावांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, म्हणजे त्यांचा नायक झुंजार पकडला जाणार नाही हे शंभराव्या पुस्तकात तरी वाचकाला कळलंच असणार. तरी बाबा मान खाली घालून वाचायचे, जेवायला तीन हाका माराव्या लागायच्या. नारायण धारपांच्या भयकथांचंही तसंच. एरवी अंगावर काटा, पण त्यांचे नायक समर्थ घरात आले की जिवात जीव, आता जे काय असेल ते आटोक्यात येणार. धारपांनी जिथे समर्थ ठेवले नाहीत तिथे त्यांनी मला खरं घाबरवलंय. 'लुचाई' मी आजही रात्री वाचत नाही. स्टीफन किंगच्या पुस्तकावरून घेतलेली आहे हे कळल्यावरही नाही. ते रक्तपिपासू अमेरिकेतून आले म्हणून कमी चावतात असं थोडंच आहे?

म्हणजे आमच्या घरात कुणालाच शेवटाशी कुस्ती खेळायची हौस नव्हती. मी मध्ये काही वर्षं खेळून आले आणि आता घराण्याच्या रीतीवर परतले. बाबांच्या वेळी सगळेच किती... जाऊ दे.

आईनं फोन ठेवताना विचारलं, शनिवारी किती वाजता? म्हटलं साडेदहा.

आज संध्याकाळी ओवी आली होती. 'आयर्न फ्लेम' घेच म्हणून मागे लागलीय, 'फोर्थ विंग'चा दुसरा भाग. म्हटलं घेते, पण आधी तिसऱ्याच्या शेवटी काय होतं ते सांग. पोरगी खुर्चीतून उठलीच. "माऊ, असं नसतं करायचं! आणि तो तर मेला अर्ध्यावर तुटतो, चौथा आल्याशिवाय मलाच माहीत नाही पुढे काय." चौथा कधी येणार? तर खांदे उडवले. मग घ्यायचंच नाही म्हटलं मी. तिनं बराच वेळ घासाघीस केली. शेवटी माझ्या कानाशी येऊन, स्वयंपाकघरात दुसरं कुणी नसताना, कुजबुजली, "टेर्न जिवंत आहे. बास, याच्यापुढे एक शब्द सांगणार नाही."

तेवढ्यावर सौदा पटला. काकांना फोन करून पुस्तक राखून ठेवायला सांगितलंय. सहाशेच्या वर पानं आहेत, शनिवारपर्यंत पुरतील.